ठिपका भूमलाच थांबला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर ते भांडण. तेही रोजचंच. घरात धड चालणारं सॉकेट एकच. त्यात माझा पंखा लागायचा, नाहीतर पोराचा रेडिओचा डबा. त्या संध्याकाळी बायकोनं पंख्याची पिन उपटली आणि डब्याची खोचली.

"आज कुठं यायलाय तो?" मी म्हणालो.

"त्याचे रेडिओवाले दोस्त असत्यात की रस्त्यावर. कुणाची तरी माय बघत बसली आसंल. तुमी अंगणात जावा, वारा तिथं बी हाय."

गेलो. शिव्या देत गेलो.

हा डबा म्हणजे पोराचा हौशी रेडिओचा खेळ. पुण्यात राहून परीक्षा दिली, सरकारी लायसन काढलं, आणि मिळवलं काय? तर आपण कुठं आहोत हे जगाला कळवायची सोय. गाडीतला रेडिओ आपली जागा सांगत राहणार, आमच्या स्लॅबवरचा एरियलचा खांब ते ऐकणार, डबा ते इंटरनेटवर चढवणार, मग मोबाइलच्या नकाशावर गाडीचा ठिपका सरकणार. वाटेतल्या भूम गावापर्यंत दुसऱ्या कुणाचा तरी खांब होता. तिथून पुढं डोंगरात फक्त आमचा. पोरगा दारात यायचाच असतो, त्याच्यासाठी एवढा कुटाणा. याला म्हणे अक्कल लागते.

तिला मात्र भारी कौतुक. वाचता येत नव्हतं, पण ठिपका तळ्याच्या वळणावर आला की ती तवा ठेवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी तूर निवडता निवडता ती कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पोराला फोन लावला. "निघालो आबा. माझ्यासाठी थांबा," एवढंच बोलला. नंतर त्याचा फोन बंदच लागायला लागला.

भावकी जमली. बायकांना उकडतंय म्हणून एका शहाण्यानं पंखा लावला. पुतण्यानं मोबाइल हातात धरला आणि सगळे त्याच्याभोवती गोळा, जसा काय निवडणुकीचा निकाल लागणार होता. ठिपका सरकत सरकत भूमला आला आणि तिथंच बसला.

"च्या पीत आसंल."

"माय मेलीया अन् च्या?"

"आरं, शहरातली मान्सं ती. च्याबिगर रडू बी येत न्हाय त्यास्नी."

दोघंतिघं हसलेसुद्धा. मढं घरात, आणि हे हसतायत.

दिवस डोंगराला टेकला. ठिपका काही हलेना. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "काय करायचं? दिवसाउजेडी उरकाय पायजे."

पोराचा शब्द एकीकडं, ठिपका एकीकडं. मी ठिपक्याचं ऐकलं. "उचला," म्हणालो.

पोरगा स्मशानात पोचला तेव्हा मी अग्नी देऊन बाजूला झालो होतो. जाळ डोक्याच्या वर गेला होता. तो भूमला थांबलाच नव्हता. सरळ आला होता. आईचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

घरी आल्यावर त्यानं आधी भिंतीवरच्या बोर्डाकडं बघितलं.

"डबा कुनी काढला, आबा?"

पंखा घरघरत होता. डबा बंद म्हणजे भूमच्या पुढं त्याच्या गाडीचं ऐकणारं कुणी नव्हतंच. "बायांना उकडत होतं," मी म्हणालो. ज्यानं पंखा लावला तो चपला शोधायला लागला. इतकी डोकी त्या मोबाइलात घुसलेली, पण वेशीपर्यंत जाऊन रस्त्याकडं बघावं हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

सकाळी बाया परत पंख्याखाली येऊन बसल्या. मी उठलो, पंख्याची पिन उपटली, डब्याची खोचली. दिवा लागला.

"आवो दाजी, उकडतंय की," मेव्हणी म्हणाली.

"अंगणात जावा."

पोरगा कोपऱ्यातून म्हणाला, "आबा, मी हितंच हाय. आता रस्त्यावर कोन हाय आपलं?"

"आसंल कुणाचं तरी. ऱ्हाऊ दे चालू."

आणि परत कुणी हात लावू नये म्हणून त्या बोर्डाखालीच पाठ टेकून, घाम पुसत बसलो.