किल्लीवालीने काढलेली किल्लीवाली

बाजारात कुणाचं कुलूप अडलं की लोक किल्लीवालीच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. नवरा गेला आणि दुकान तिच्यावर आलं तेव्हा दीर म्हणाला होता, "वहिनी, हे काही बायकांचं काम नव्हे." तिने बाह्या सरसावल्या आणि बघता बघता हट्टी तिजोऱ्या उघडण्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही.

साठीला टेकल्यावर ती रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागली. शेवटी प्रत्येकाने स्वतःचंच चित्र काढायचं होतं. तिचं पुरं झालं तशी लेक बघायला आली.

राखाडी भिंत, घट्ट मिटलेले ओठ, मुठीत दात नसलेल्या किल्ल्या. लेकीचा चेहरा पडला.

"आई, किती उदास काढलंयस गं! चहूकडे नुसता राखाडी रंग. आणि या किल्ल्यांनी तर एकही दार उघडायचं नाही. आता पुरे झालं दुकान. माझ्याकडे राहायला चल."

किल्लीवाली खो खो हसली. "अगं, तो लोखंडाचा कीस आहे! दिवसभर घासत बसलं की भिंत काय, माझ्या भुवयासुद्धा त्याच रंगाच्या होतात. आणि कानस चालवताना तोंड उघडं ठेवलं तर तो कीस पोटात जाईल."

"आणि किल्ल्या?"

"कोऱ्या आहेत. कुठल्या कुलपाच्या, ते ठरायचंय अजून. शेजारचा गाळा घेतेय मी. दोघी बायका शिकायला येणार आहेत."

लेक हार मानेना. ती चित्राच्या अगदी जवळ गेली. "मग डोळे? बघणाऱ्याकडे बघतच नाहीत ते."

आईने मान डोलावली. "ते मात्र बरोबर ओळखलंस. दुकानात समोरच्या स्टुलावर तुझे बाबा बसायचे, नजर तिकडेच जाते. बदलून पाहिले, तर चेहरा खोटा वाटायला लागला. म्हणून राहू दिले." मग मान ताठ करून म्हणाली, "पण त्यासाठी दुकान कशाला बंद करू? आठवण येते आणि कामही होतं. दोन्ही जमतं मला."

"बघू तरी तो गाळा," लेक म्हणाली.

आत छतापर्यंत अडगळ आणि धुळीचे थर. लेकीने नाक मुरडलं, दोनदा शिंकली, आणि झाडू मागितला.