थेट दुसऱ्या वर्षाला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. चारदा लिहायला बसलो, चारदा उठलो. आजही उठावंसं वाटतंय — पण बसा तुम्ही, मीही बसतो.

मी म्हसावदचा. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो. गावात माझ्या शब्दाला वजन होतं. खोटं बोलायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी असते का?

कल्पना माझी मुलगी. दहावीनंतर तिने तीन वर्षांचा डिप्लोमा केला, वर्गात पहिली येऊन. डिप्लोमावाल्यांना इंजिनीअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, पहिलं वर्ष माफ — हे तिने ऐकलं होतं. फक्त तिच्या शाखेला ते लागू आहे का, याची खात्री नव्हती. कागद तपासून घ्यायचे होते आणि नेमकी तिला कावीळ झाली. मग फाईल घेऊन नंदुरबारच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मी गेलो.

त्याच कॉलेजात माझा थोरला, महेंद्र, शिकत होता. शिकत होता म्हणजे — पहिल्या वर्षातच अडकला होता, दुसऱ्यांदा.

खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिले. सगळं बरोबर, शाखाही चालते, म्हणाला. मग आडनाव वाचून हसला. "गुरुजी, महेंद्रनी बहीण शे का ही? बहीणच आते भाऊले शिकाडी!" रांगेतले दोघे-तिघेही हसले.

मी फाईल उचलली. तपासणीचा शिक्का न घेता. का? पोराची लाज राखायला? नाही — लाज माझी होती. धाकटी बहीण वरच्या वर्गात, थोरला भाऊ खालच्या; गाव काय म्हणेल, हे शहाद्यापर्यंत एसटीत घोळवत आलो. तिथून परत नंदुरबारची गाडी धरता आली असती. मुदतीला अजून दोन दिवस होते. दोन दिवस!

घरी ती अंथरुणात उठून बसली. "काय सांगं त्यासनी, आबा?"

मी म्हणालो, तुझ्या शाखेचा डिप्लोमा धरत नाहीत. पहिल्यापासून चार वर्षं करावी लागतील.

"मंग ह्या तीन वरीस वाया गयात का?"

मी काय केलं, सांगू? तिच्या डोक्यावर हात ठेवला. बापासारखा.

चार वर्षं पुन्हा शिकायची तिची तयारी होती, माझी नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं. महेंद्र तिसऱ्यांदाही नापास झाला आणि शेतीकडे वळला. म्हणजे जे झाकायला गेलो, तेही झाकलं गेलं नाही.

आता कल्पना तळोद्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. डोंगरातून जीपने उतरलेल्या पोरापोरींचे थेट दुसऱ्या वर्षाचे फॉर्म तीच भरते. गेल्या महिन्यात मी तिथे बसलो होतो. तिच्याच शाखेच्या एका मुलीने विचारलं, ताई, तुम्ही का नाही केली डिग्री? कल्पना म्हणाली, आमच्या वेळी ही सोय नव्हती गं, आबांनी स्वतः जाऊन विचारलं होतं. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

सोय होती. तिच्या शाखेला होती. हे मी तुम्हाला लिहितोय — तिला अजून सांगितलेलं नाही.