बेदाणा शेडमधला जार

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. त्यांना गावी सोडायचं, दोन दिवस थांबायचं आणि साताऱ्याला परतायचं असं आमचं ठरलं होतं. गाव तासगावच्या पलीकडं, चहूबाजूंनी द्राक्षबागा. पिशवीत माझ्या दोन साड्या, नवऱ्याचे दोन शर्ट आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, एवढंच सामान. दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या आणि पाठोपाठ सगळा देशच बंद झाला.

गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. आम्ही बाहेरून आलेले, त्यातही थेट दवाखान्यातून. रोज ताकाला येणारी शेजारीण यायची थांबली. आरोग्य केंद्राच्या आशाताई फाटकाबाहेरूनच विचारायच्या, "खोकला? ताप?" मी मान हलवायची. अंगणाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही असा निरोप पंचायतीतून आला. पंचवीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी मी जावेचा ढगळ ब्लाऊज घालून अंगणातल्या तारेवर कपडे वाळत घालायला जाई, तेवढंच माझं फिरणं.

घर मोठं होतं, पण त्याची वाटणी ठरलेली होती. पुरुष सोप्यावर, बायका आत. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबा, माझा नवरा आणि दीर सोप्यावर झोपत. मी सासूबाईंशेजारी, त्यांच्या डोळ्यात वेळेवर थेंब घालायला. दिवसा चूल, भाकरी, भांडी, आणि दुपारी पाण्याच्या टाकीवर चढून मोबाईलवर लेक्चर, कारण रेंज फक्त तिथंच. मुलं लेक्चर ऐकत की म्हशीचं हंबरणं, कोण जाणे. नवरा मला दिवसातून दोनदा दिसे, ताट वाढताना आणि ताट उचलताना. एका घरात असून आमची गाठ पडत नव्हती.

आमच्या शनिवारबद्दल इथं सांगायला हवं. मुलगा नोकरीला परदेशी गेला त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांची सहकुटुंब सहल नाशिककडं गेली होती. तिथल्या एका वायनरीत आम्ही दोघांनी पहिल्यांदा वाईन चाखली. आवडली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी साताऱ्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत आम्ही बसायचो. नवरा शिरवळच्या कारखान्यातून सुटल्यावर बाटली आणायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून, भाजीच्या पिशवीत. आम्ही एकेक ग्लास घ्यायचो, वास घ्यायचो, यात पेरू आहे की मिरी यावर भांडायचो. हळूहळू आम्ही त्यातले दर्दी झालो. पण मला त्याहून मोलाचं होतं ते बोलणं. आठवडाभरात न झालेलं सगळं बोलणं त्या ग्लासाभोवती व्हायचं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. गॅलरीत मात्र तो 'तू' असायचा.

गावात असलं काही शक्यच नव्हतं. आबा माळकरी. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी गेला. त्यामुळं त्या घरात वाईन, ताडी, ब्रँडी हे सगळे शब्द एकच होते. पहिला शनिवार आला, गेला. दुसरा आला. संध्याकाळी नवरा अंगणात हात धुवायला आला. मी तांब्या पुढं केला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "आज शनिवार ना?" मला एकदम रडूच आलं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

तोवर बागांचे हाल सुरू झाले होते. व्यापाऱ्यांच्या गाड्या यायच्या थांबल्या. तयार घड वेलीवरच मऊ पडायला लागले. दिरानं ठरवलं, सगळ्या मालाचा बेदाणा करायचा. बांधाजवळची शेड उघडली, थॉम्पसन जातीची हिरवी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर अंथरली. मजूर नव्हते म्हणून घरचे सगळे कामाला लागले, मीसुद्धा. शेड आमच्याच रानात असल्यानं पंचायतीनंही हरकत घेतली नाही. कडेच्या दोन ओळींत काळी द्राक्षं होती. ती तशीच राहिली. त्यांच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

एका दुपारी मी रॅक हलवत होते. नवरा काळ्या द्राक्षांचं क्रेट घेऊन आत आला आणि म्हणाला, "केमिस्ट्रीच्या मॅडम, याचं काय होईल?"

"सडतील."

"नीट सडवली तर?"

मी त्याच्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तो मिश्कील दिसत होता.

एक रिकामा पाण्याचा जार होता. द्राक्षं धुऊन, हातानं चुरून आम्ही ती त्यात भरली. म्हशीला लावलेल्या सलाईनची नळी धुऊन झाकणातून काढली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. जार शेडच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या मागं. खाण्याची द्राक्षं ती, त्यांची चांगली वाईन होत नाही हे मला माहीत होतं. तरी तिसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे यायला लागले तेव्हा मी एखाद्या विद्यार्थिनीसारखी टाळ्या वाजवल्या.

मग रोज संध्याकाळी आम्हाला शेडमध्ये काही ना काही काम निघायचं. मी आधी जायची, तो मागून. जाराजवळ पोत्यावर बसून आम्ही बोलायचो. मुलाच्या शहरात किती आजारी आहेत, सासूबाईंच्या डोळ्यातलं पाणी, माझ्या अर्धवट राहिलेल्या परीक्षा. पुढच्या एका शनिवारी स्टीलच्या फुलपात्रात घोटभर गाळून घेतली. गढूळ, आंबट, वर यीस्टचा वास.

"काय लागतंय?" त्यानं विचारलं.

"पोत्यासारखं."

"मागून जरा मिरी आहे."

"ती तुझ्या हाताला डिपिंग ऑइल लागलंय त्याची." आम्ही तोंड दाबून हसलो.

त्याच हसण्यानं घात केला असावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेडच्या दारात आबा उभे होते. पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी पोती बाजूला केली.

"ह्ये काय हाय?"

"आबा, द्राक्षाचा रस," नवरा म्हणाला.

"रस कवापासनं फसफसाया लागला?"

"न्हाई… म्हंजी… फवारणीसाठी एक औषध…" पंचावन्न वर्षांचा माणूस, पण आवाज शाळकरी पोराचा झाला होता.

"तू थांब," मी म्हणाले. "मी सांगते."

सासऱ्यांसमोर नवऱ्याला मी तू म्हणाले. जाराइतकाच तोही शब्द त्यांनी ऐकला. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"आबा, वाईन आहे. मी केली. साताऱ्यात आम्ही दोघं शनिवारी घेतो."

"तू बी?"

"हो. मी पण."

ते क्रेट उपडं करून त्यावर बसले. काठीचं टोक जाराला लावलं. "थोरल्याला म्या बाजारातनं खांद्यावर घालून आणायचो," ते म्हणाले. "त्याच्या कापडाला ह्योच वास यायचा."

"आबा, त्ये येगळं," नवरा म्हणाला. "आणि खरं सांगू का? आमी हितं प्यायला न्हाई येत. बोलाया येतो. घरात दोघांस्नी बोलाया जागाच न्हाई."

"नवरा-बायकू हाय न्हवं तुमी? बोलाया चोरी कशापायी?"

"मग कुठं बोलायचं? सोप्यावर, तुमच्या म्होरं?"

बापाला त्यानं उलट उत्तर दिलेलं मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. बहुधा आबांनीही. ते उठले. "आदी ह्ये वता. बागंत न्हाई, लांब, वगळीत."

आम्ही जार दोघांनी धरून ओढ्याच्या काठापर्यंत नेला आणि उपडा केला. लालसर पाणी दगडांवरून गेलं आणि मातीत मुरलं. आबा काठीवर दोन्ही हात टेकून बघत होते.

त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. पण पुढचे दोन दिवस माझ्याशी बोललेही नाहीत. मी ताट ठेवायची, ते मान खाली घालून जेवायचे. साताऱ्यात असं काही झालं की मी चप्पल घालून टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जाते, तासाभरात डोकं शांत होतं. इथं कुठं जाणार? न्हाणीचं दार लावून मी बादलीवर बसून राहिले. जावेनं बाहेरून हाक मारली तेव्हाच उठले. त्या सगळ्या महिन्यांत इतकं कोंडल्यासारखं मला दुसऱ्या कुठल्या दिवशी वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आबा दिराला म्हणाले, "सांजचं रॅक हलवायचं काम ह्या दोघांकडं. तू बागंत बघ."

जाऊ म्हणाली, "आवं मामंजी, ताईंना रोज त्ये जमंल व्हय?"

"जमंल."

संध्याकाळी आम्ही शेडकडं निघालो तर आबा वाटेवरच्या लिंबाखाली आमच्याकडं पाठ करून बसलेले. आत कुणी येऊ नये म्हणून बसले होते, की आम्ही पुन्हा काही करू नये म्हणून, मला शेवटपर्यंत कळलं नाही. रोज बसायचे.

आणि आता बोलायला जागा मिळाली तर आम्ही भांडलो. मी म्हणाले, प्रवासाचा पास मिळेल तेव्हा पहिल्याच दिवशी निघायचं. तो जाळी झाडत राहिला. मी पुन्हा म्हणाले.

"मला इतक्यात जायचं नाही," तो म्हणाला. "कॉलेजला गेलो तेव्हा हे घर सोडलं. त्यानंतर इतके दिवस आई-आबांजवळ मी कधी राहिलोच नव्हतो."

"आणि मी?"

त्यानं मूठभर बेदाणे जाळीवरून उचलले आणि परत टाकले. "तुला इथं कोंडल्यासारखं होतं, कळतं मला. पण मला घरी आल्यासारखं वाटतंय. काय करू?"

मी पुढचा रॅक धरला. आम्ही दोघंही रॅक हलवत राहिलो. बेदाणे पावसासारखे खाली पडत होते.

पास मे महिन्यात मिळाला. अर्ज मी भरला, सही त्यानं केली. निघताना सासूबाईंनी काळा चष्मा काढून मला नीट पाहिलं. "लय वाळलीस गं," म्हणाल्या. आबा फाटकापर्यंत आले, गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. नवरा पाया पडायला वाकला तसे ते मागं सरले. "लांबनंच, लांबनंच," म्हणाले, आणि मान दुसरीकडं फिरवली.

रस्ते मोकळे होते. दुपारी आम्ही साताऱ्यात पोचलो तर इमारतीचं गेट बंद. आमच्याबरोबर गणपतीची आरती म्हणणारी माणसं गॅलऱ्यांतून बघत होती. डॉक्टरचा दाखला आणि हातावर विलगीकरणाचा शिक्का असल्याशिवाय आत सोडणार नाही, असं त्यांचं ठरलं होतं. शिक्का मारणारा माणूस संध्याकाळी येणार होता.

आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहिलो. काचा अर्ध्या वर, इंजिन बंद, उन्हाचा जाळ. पाणी संपलं होतं. नवऱ्यानं घरी फोन लावला, पोचलो म्हणून सांगितलं, वर जाऊन अंघोळ करतोय असंही सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याचे डोळे भरून आले.

"तू थांबायला हवं होतंस तिथं," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "पण तू एकटी इथं आलेली मला चाललं नसतं."

त्यानं सीट मागं केली. ऊन उतरत गेलं. शिक्केवाला आला, कुणीतरी गेट उघडलं आणि वरून हाक मारली. तोवर नवरा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मी हातानंच खूण केली, जरा थांबा, आणि त्याला आणखी थोडा वेळ झोपू दिलं.