द्वारकाच्या कानातला आवाज

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा तोंडाशी आलं होतं — तेही गिळलं. आज तुम्ही समोर बसला आहात, तर ऐका. मध्येच थांबलो, तर थांबू द्या.

मी कंपाउंडर होतो. पुणतांब्याच्या अलीकडे एका गावात दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर गुरुवारी यायचे, बाकीचे दिवस मीच. लोक मलाच डॉक्टर म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. तेवढाच दोष असता, तर काय हवं होतं?

मोठ्या दुष्काळाचं साल होतं. किसनची बायको द्वारका — असेल पंचविशीची — दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दगडाची एक कपची तिच्या नडगीत घुसली. तिने आठ दिवस हळद भरून काम चालू ठेवलं. दवाखान्यात आणली तेव्हा गुडघ्यापर्यंत पाय सुजलेला, जखमेतून पू वाहत होता. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं करून पाहू, नाहीतर नगरला नेऊन पाय कापावा लागेल. त्यांनी पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र असलेलं इंजेक्शन लिहून दिलं. बाटलीत पांढरी पूड असायची, त्यात पाणी घालून हलवायचं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सात दिवस हे. पुढे नुसतं पेनिसिलिन. आणि कानात आवाज येतो म्हणाली, तर त्याच दिवशी बंद. नाहीतर कान जातात, अंगाचा तोलही जातो."

नीट ऐकलं होतं मी. म्हणून तर हे सांगायला इतकी वर्षं लागली.

पाचव्या दिवशी सूज उतरली. सातव्या दिवशी पू आटला आणि किसनने सगळ्यांसमोर माझे पाय धरले. आठव्या दिवशी मी पुन्हा तीच बाटली घेतली. नुसतं पेनिसिलिन कपाटात होतं — संपलं नव्हतं, होतं. पण ज्याने गुण आला ते का सोडायचं? पू परत आला तर? मग मला डॉक्टर कोण म्हणणार? गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं, औषध बदललं ना? मी हो म्हणालो. वहीतही तसंच लिहिलं.

दहाव्या दिवशी द्वारका म्हणाली, "कानात रातकिडा वरडतोय." अशक्तपणा आहे, म्हणालो — आणि सुई टोचली. एकूण एकवीस दिवस टोचली.

पाय बरा झाला. ती चालू लागली, आणि गाव तिला भ्यायला लागलं. दिवसा नुसती अडखळायची. पण उजेड कमी झाला, की कुणी खांद्याला धरून ढकलावं तशी एका बाजूला जायची. तोंड धुताना डोळे मिटले, की पडायची. मागून हाक मारली तर वळायची नाही. आणि जवळ कुणी नसताना मान कलती करून काहीतरी ऐकत बसायची. खडीच्या कामाजवळ एक ओढा होता, तिथलं काहीतरी तिला लागलं असं बाया म्हणू लागल्या.

एका सकाळी किसन आणि त्याची आई तिला घेऊन आले. द्वारका फार मोठ्या, सपाट आवाजात बोलत होती — स्वतःचं बोलणंही तिला धड ऐकू येत नसणार. "मला एकटीलाच येतो का ह्यो आवाज? तुमी ऐका." असं म्हणून तिने माझं डोकं ओढलं आणि माझ्या कानाला आपला कान चिकटवला.

तिचा कान तापलेला होता. मी श्वास रोखला. काय ऐकणार होतो मी? पण त्या शांततेत मलाही एक बारीक किर्र ऐकू आलं — लांबून, थांबता थांबेना. माझंच रक्त असेल. अंगावर काटा आला. मान वर केली, तर म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"हाय का कुनी आत?" तिने विचारलं.

इंजेक्शनाने झालंय, एवढंच म्हणायचं होतं. एकच वाक्य.

मी मान हलवली. हो म्हणून.

‘डॉक्टरांनी’ सुद्धा — म्हणजे मी — ऐकलं, असं दुपारपर्यंत गावभर झालं. मग देवऋषी आला. मिरच्यांची धुरी दिली, छडीनं मारलं. ती ओरडायची ते दवाखान्यापर्यंत यायचं, आणि मी खिडकी लावून सुया उकळत बसायचो. महिन्याभरात किसनने तिला पारनेरकडे भावाच्या घरी नेऊन सोडलं आणि पुढं दुसरं लग्न केलं.

दोन वर्षांनी मी तिकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो, असं स्वतःला म्हणत होतो. द्वारका अंगणात डाळ निवडत होती. पूर्ण बहिरी झालेली. मला ओळखून हसली, पाय वाचवला म्हणून हात जोडले. घरात गेलो, तर कमरेएवढ्या उंचीवर चारही भिंतींना एक काळपट, तेलकट पट्टा दिसला. भाऊ म्हणाला, "तिच्या हाताचा हाय. दिवस मावळला की कुनीतरी ढकलतं तिला, म्हनून भित सोडत न्हाई. ते जाईल का वो कधी?"

मी म्हणालो, देवाची इच्छा. चहा प्यालो आणि मिळाली त्या एसटीने परत आलो.

तिला कुणी ढकलत नव्हतं. कानात कुणी नव्हतं. ते औषध होतं, आणि ते त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.