बंद होतानाचा फोटो

"मले तुझ्या मायचं तोंड आठवून नाही राहिलं," बाबा चहा पिता पिता म्हणाले.

आई जाऊन यंदा वीस वर्षं होतात. तिच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, दरवर्षी आम्ही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला तिचा धूसर फोटो ठेवतो. तिचा एकच धड फोटो होता, बाबांच्या प्लांटच्या मेडिकल बुकात, म्हणजे घरच्यांच्या औषधोपचाराच्या वहीत, चिकटवलेला. रिटायर होताना बाबांनी बुक जमा केलं, त्याबरोबर तोही गेला. कॉपी काढून ठेवावी हे मला सुचलं नाही, आणि मी कॉम्प्युटरची मास्तरीण!

खुर्सीपारच्या आमच्या घरात माळ्यावर माझा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यात एखादा फोटो असेल म्हणून हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. फोटो एकही नव्हता. पण सिस्टीमच्या फायलींमध्ये एक विचित्र वाटली. तो कॉम्प्युटर बंद होताना 'आता बटण दाबा' असं सांगणारं चित्र ज्या फायलीत असतं, ती. बाकी सगळ्यांवर एकच जुनी तारीख, आणि हिच्यावर बाबा रिटायर झाले त्या महिन्याची. ती फाईल फोटो म्हणून उघडेना. नावाच्या शेवटचं 'सिस' काढून चित्राच्या फायलींना असतं ते 'बीएमपी' लावलं आणि पुन्हा उघडली.

समोर आई होती.

मी हादरले. ओरडलेच बहुतेक, कारण बाबा आतून धावत आले. पण चेहरा उभट, गाल बसलेले, अगदी दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांसारखा. बाबांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. "हे ते नाही. अशी नव्हती ते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही चित्रं फायलीत अर्ध्या रुंदीची ठेवतात, पडद्यावर दाखवताना मशीन ती दुप्पट रुंद करतं. मी रुंदी दुप्पट केली, फाईल साधा फोटो म्हणून सेव्ह केली. गाल भरले. कुंकू नाही, आम्हा बौद्धांकडे नेसतात तशी मोठ्या काठाची पांढरी साडी, ओठ दाबून धरलेलं हसू. मेडिकल बुकातलीच ती.

"बाबा, हा इथे कोणी टाकला?"

"म्याच टाकून घेतला. बुक जमा करायच्या आधी, प्लांटमधल्या एका सोबत्याकडून. मशीन मेलं तं मले वाटलं फोटोबी गेला."

आणि तेव्हा मला सगळं आठवलं. रिटायर झाल्यावर बाबा रोज कॉम्प्युटर सुरू करायचे आणि काहीच न करता बंद करायचे. त्या जुन्या मशीनचं बटण हाताने दाबेपर्यंत ते शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहायचं. मी वैतागायची. "बाबा, कावून चालू-बंद करून राहिले? बिघडन ना ते!" शाळेत मुलांना सांगायचं, नीट शटडाऊन करा, घरी मात्र मी सरळ बटण दाबून मोकळी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकदा तरी नीट बंद केला असता, तर आई दिसली असती.

एका दुपारी तर मी स्वयंपाकघरातून तणतणत आले, पडद्याकडे न बघता टेबलाखाली हात घातला आणि बटण दाबलं. बाबा खुर्चीवरून उठले. त्यानंतर ते त्या कॉम्प्युटरसमोर कधी बसले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, कंटाळले एकदाचे. आज माझी मलाच लाज वाटली.

"तवा सांगितलं कावून नाही?" मी कसंबसं विचारलं.

बाबांनी चष्मा पुसला, लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला.

"आता पाहू दे मले," ते म्हणाले. "झालं की मीच बंद करतो. तू हात नको लावू."