आखूड रायफल

ती रायफल मी कापली. हे वाक्य मी पोलीस ठाण्यात तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा समोरच्या हवालदारांनी लिहायचं थांबवून माझ्या भावाकडे पाहिलं. खरं काय ते जणू तोच सांगणार होता.

रायफल खोटी होती, हे आधीच सांगते. शूटिंगची. साताऱ्यात औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला आमची लेथची शेड आहे. वाई-पाचगणीकडे शूटिंगला येणारी मंडळी तलवारी, चिलखतं, बंदुका आमच्याकडून करून घेतात. वडील फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारे. निवृत्त होऊन आले आणि त्यांनी लेथ टाकला. मी दहावीनंतर त्यांच्या हाताखाली उभी राहिले ती आजतागायत उभीच आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी शूटिंगवाले अजून 'फौजींचा माल' म्हणूनच घेऊन जातात. सुरुवातीला मला त्यात मान वाटायचा. पुढे राग यायला लागला आणि तो मी लपवलेला नाही.

वडिलांचा एक नियम होता. बंदूक लाकडाची का असेना, दुसऱ्याच्या हातात द्यायची तर आधी उघडायची आणि आतलं काडतुसाचं घर दाखवायचं. घेणाऱ्याने त्यात करंगळी घालून बघायचं आणि म्हणायचं, "खाली," म्हणजे रिकामी. मगच ती हातात घ्यायची. भाऊ माझ्याहून धाकटा, पण शाळकरी असल्यापासून वडील त्याला अशीच बंदूक द्यायचे. पुढे तोही फौजेत गेला आणि सुभेदार होऊन परत आला. मला वडिलांनी कधीच तशी दिली नाही. टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पुसून ठीव." मी पुसायचे. बऱ्याचदा तिचा दस्ता मीच तासलेला असायचा, तरीसुद्धा.

वडिलांना जुन्या अमेरिकन मालिकांचं वेड होतं, घोडेस्वारांच्या. कुठल्याशा छावणीत त्यांनी त्या पाहिल्या होत्या; म्हातारपणी मोबाईलवर पुन्हा बघायला लागले. इंग्रजी जेमतेम समजायचं, गोष्टीशी तर काही देणंघेणं नव्हतं. ते फक्त बंदुका बघायचे आणि चुका काढायचे. एका मालिकेतल्या नायकाच्या मांडीला एक आखूड रायफल लटकलेली असायची. ती अख्ख्या रायफलची नळी आणि दस्ता कापून केलीय, चापाभोवतीची, बंदूक उघडायची कडी मोठी केलीय, म्हणजे हात सरकन आत जातो, हे मला त्यांनीच दाखवलं. "आन् पट्ट्यातली काडतुसं बघ. ती त्या बंदुकीत जाणारच न्हाईत. लय मोठी हायती. पडद्यावर उठून दिसावीत म्हणून लावलीत," म्हणायचे आणि ठसका लागेपर्यंत हसायचे. मी हसायचे नाही. मी ते लक्षात ठेवलं.

गेल्या वर्षी माणच्या माळावर एका वेब सिरीजचं शूटिंग लागलं. उघड्या टेकड्या, बाभळी, लांबवर मेंढरं. दिग्दर्शकाला तिथे अमेरिका दिसली म्हणे. दरोडेखोर नायक घोड्यावर बसणार होता आणि त्याच्या मांडीला तसलीच आखूड रायफल हवी होती. आठ दिवसांत. नवीन करायला एवढ्यात जमणार नव्हतं. शेडच्या भिंतीवर वडिलांनी केलेली लांब रायफल टांगलेली होती. मी ती काढली, व्हाइसमध्ये आवळली आणि हॅक्सॉ लावला.

नळी भरीव होती. नकली बंदुकीला आरपार भोक पाडायचं नाही, तोंडाशी बोटभर पाडायचं, हा वडिलांचा शिरस्ता. कापल्यावर ते बोटभर भोक तुकड्याबरोबर गेलं, म्हणून नव्या तोंडाला मी पुन्हा तेवढंच पाडलं. दस्ता तळहाताएवढा ठेवला. कडी नवी वाकवली, मोठी. मग पट्ट्यासाठी लेथवर पितळेची काडतुसं उतरवली, भरीव, आणि मुद्दाम बंदुकीच्या घरापेक्षा जाड. वडील ज्या चुकीला हसायचे ती मी जाणूनबुजून केली. शूटिंगच्या गडबडीत कोण कशात काय कोंबेल याचा नेम नसतो. पट्ट्यातलं काही बंदुकीत जातच नसलं की मला शांत झोप लागते.

भावाने पाहिलं तेव्हा तो पांढराफटक पडला.

"आक्का, अण्णांची रायफल कापलीस? तुझा हात तरी कसा धजला?"

"चांगला धजला. कड बघ, एका रेषेत हाय."

तो पाय आपटत शेडबाहेर निघून गेला. मीही मागे गेले नाही.

शूटिंग संपलं, रायफल परत आली, खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी लेथला, पान्यांना, हातोड्यांना हळदकुंकू लागतं. भावाने फेटा बांधला आणि पाटावर मधोमध ती रायफल ठेवली, शेजारी काडतुसांचा पट्टा. खरी बंदूक सरकारला परत करून आलेला माणूस ज्या घरात असतो, तिथे खोटीलाही झेंडूची माळ मिळते. इथवर ठीक होतं. पण त्याने फोटो काढून मोबाईलवर स्टेटसला लावला, खाली एक अक्षर न लिहिता. दसऱ्याला दुपारपर्यंत तो फोटो भलत्याच ग्रुपांवर फिरत होता आणि कुणीतरी त्याखाली लिहिलं होतं की साताऱ्यात गावठी कट्ट्याची पूजा झाली. दोन दिवसांनी पोलीस आले. रायफल, पट्टा घेऊन गेले आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"नळी कापलेली बंदूक म्हंजे सरळ गुन्हा हाय," हवालदार म्हणाले. "लपवून न्यायलाच कापत्यात."

"ती नळी न्हाईच. भरीव सळई हाय."

"ते आमी ठरवू."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. गुन्हा नोंदला गेला असता तर शेडला कुलूप लागलं असतं आणि शूटिंगवाले पुन्हा त्या रस्त्याला फिरकले नसते. भावाला ते माझ्याआधी कळलं होतं. तो बाकावर माझ्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला, "आक्का, अण्णांनी केली म्हणून सांग. ते आता न्हाईत. त्यांना कोण धरणार हाय?"

हवालदारांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "ताई, तसंच लिवतो की. मयत वडिलांनी बनवल्याली. तुमी सुटला, आमी सुटलो."

मी भावाकडे वळले. "कापली तवा माझी, आन् पकडली तवा अण्णांची व्हय रं?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं, मला वाचवायलाच निघाला होता. पण पंचवीस वर्षं माझं काम वडिलांच्या नावावर गेलं होतं. आता माझा गुन्हाही त्यांच्याच नावावर जाणार होता, आणि तो मी जाऊ देणार नव्हते.

"लिहा," मी हवालदारांना म्हटलं. "लांब होती तवा वडिलांची. आखूड माझी. कापली मी, काडतुसं केली मी." तीनदा म्हटल्यावर त्यांनी ते लिहून घेतलं.

मग बंदूक खरी की खोटी ते तपासायला पोलीस मुख्यालयातून त्यांचे आर्मरर बोलावले. तीनच्या सुमाराला आले. वयस्क, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. कुणाशी न बोलता त्यांनी कडी खाली ओढून रायफल उघडली, आत पाहिलं. मग टेबलावरची पेन्सिल नळीत घातली. ती बोटभर जाऊन थांबली.

"भरीव हाय."

हवालदारांनी पट्टा पुढे सरकवला. "आन् ह्या गोळ्या?"

आर्मररनी एक काडतूस काढून आत घालून बघितलं. जाईना. दुसरं घेतलं. तेही जाईना. मग त्यांनी चष्म्यावरून भावाकडे, हवालदारांकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"मापात चूक झालीया."

"चूक न्हाई. अर्धं सूत जाड ठेवलीत. मुद्दाम."

"कुणी?"

भावाने तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "मी."

त्यांनी विचारायला सुरुवात केली. ड्रिल कितीचं वापरलं, कडी कशावर वाकवली, काळा रंग कसा आणला. मी सांगत गेले. लाल होईस्तोवर तापवून तेलात विझवली म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. वडील एखादं काम पसंत पडलं की अशीच हलवायचे, बोलायचे काही नाही. दहा मिनिटं आम्ही दोघंच बोलत होतो आणि हवालदार लिहीत होते.

लिहून झाल्यावर त्यांनी जबाब वाचून दाखवला. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. "व्यवसाय, घरकाम."

"हे खोडा."

"आवं ताई, बायांचं तसंच लिवत्यात."

"घरकाम करत असते तर तुमी लाटणं जप्त केलं असतं."

आर्मरर हसले. हवालदारांना हसू आलं नाही, पण त्यांनी खोडलं. "मग काय लिवू?"

"शूटिंगच्या बंदुका बनवते, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं, खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली, खाली पुन्हा एक घेतली. मग रायफल न्यायला हरकत नाही म्हणाले. भाऊ उठला आणि जन्माच्या सवयीने त्याने हात पुढे केला.

आर्मररनी रायफल उचलली. कडी ओढली, उघडली, नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं. मग भावाच्या हातासमोरून ती तशीच पुढे नेऊन माझ्यासमोर धरली आणि थांबले. माझे डोळे भरून आले, आणि ते भरून आले म्हणून मला रागही आला.

मी करंगळी आत घातली.

"खाली," मी म्हटलं आणि रायफल हातात घेतली.