दोरीवरचा फ्रॉक

शिंपीकाका प्रथम गल्लीच्या नजरेत भरले ते त्यांच्या टोमण्यांमुळे. कारखाना बंद पडल्यावर तरणी माणसं कामासाठी गाव सोडू लागली. सामानाचा टेम्पो दिसला की काका दुकानाच्या पायरीवर यायचे. "निघाले पळपुटे! माझा मुलगा बघा, जागचा हलायचा नाही."

एका रविवारी तोही बायको-मुलीला घेऊन गेला. काकांना तोंड दाखवायची चोरी झाली. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घर भरलेलं दिसावं म्हणून मागे राहिलेला नातीचा फ्रॉक ते रोज धुऊन दारातल्या दोरीवर वाळत घालत.

वर्षभराने शेजारची इस्त्रीवाली वहिनी हसत म्हणाली, "काका, शिंप्याची नात आणि वर्षभर एकच फ्रॉक? पोर वाढते की नाही?"

काकांची सुई बोटात रुतली.

मग ती हळूच म्हणाली, "राहू द्या आता. सगळ्यांना ठाऊक आहे. माझा धाकटाही गेलाय, पण तुम्ही बोलाल म्हणून मीच गप्प होते."

काकांनी उठून दोरीवरचा फ्रॉक काढला.

आता त्यांच्या दोरीवर त्यांचेच दोन सदरे असतात.